मालिकेत भूमिका मिळाली, बँकेतली नोकरी सोडू का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे गैरसमज नको. वय 27, साताऱ्यात सहकारी बँकेत कायम नोकरी, तिला चार वर्षं झालेली. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस. आणि आता एका दैनंदिन मालिकेत नायकाच्या धाकट्या भावाचं काम चालून आलंय. निर्मितीवाले ‘आठवड्यात कळवा’ म्हणतायत, घरचे ‘डोकं ठिकाणावर आहे ना’ म्हणतायत. शेवटी तुम्ही विचारलंय की दिलीप प्रभावळकरांसारखी कारकीर्द करायची असेल तर सुरुवात अशी करावी का.

मी बरीच वर्षं मालिकांमध्ये आहे. आधी सहायक दिग्दर्शक होते, मग एपिसोड दिग्दर्शन केलं, आता कास्टिंग बघते. उत्तर आधीच देऊन टाकते : काम घ्या, राजीनामा देऊ नका, बिनपगारी रजेचा अर्ज करा. रजा नाहीच मिळाली तर काय, ते पुढे येईल. पण आधी प्रभावळकरांबद्दल बोलू. तुम्ही नाव फार चांगलं निवडलंय, आणि बहुतेक लोक त्यातून नेमका उलटा अर्थ काढतात.

लोकांना वाटतं, या माणसाला नाना तऱ्हेच्या भूमिका मिळत गेल्या. तसं झालेलं नाही. 1944 चा जन्म, शास्त्र शाखेचं शिक्षण, नोकरी आणि नोकरीच्या आगेमागे नाटक, अशी त्यांची सुरुवात. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींच्या कथांवरची ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ आली. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तेव्हा एकच वाहिनी, काळा-पांढरा संच, आणि तो ज्यांच्या घरी असेल त्यांच्याकडे अख्खी चाळ गोळा होणार. आजच्या कुठल्याही मालिकेला असा प्रेक्षक मिळत नाही. आज लोक तुमच्या धाकट्या भावाला बघता बघता भाजी निवडतात, मोबाइल बघतात, मध्येच दुसरी वाहिनी लावतात. तेव्हाचं बघणं अंगात मुरायचं. बाळ कर्वे 2025 मध्ये गेले तेव्हा लोक हळहळले ते ‘गुंड्याभाऊ गेला’ म्हणून. मालिका संपून जवळजवळ पंचेचाळीस वर्षं झाली होती!

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. मालिका पात्राला घराघरांत पोचवते, नटाला नाही. नटाचं नाव लोकांना कळायला वेगळे कष्ट पडतात, आणि ते मालिकेच्या बाहेर करावे लागतात.

प्रभावळकरांनी ते कसे केले बघा. 1991 मध्ये ‘चौकट राजा’ आला. बौद्धिक वाढ खुंटलेला नंदू. ती भूमिका आधी परेश रावल करणार होते आणि प्रभावळकरांकडे वेगळीच भूमिका होती, हे त्या चित्रपटाच्या लोकांनीच नंतर सांगितलंय. म्हणजे नशीबही होतं. पण नशीब ऐन वेळी दार ठोठावतं तेव्हा आत कोण बसलंय यालाही महत्त्व असतं. ज्यानं चिमणरावाचा भोळसटपणा केलाय त्यानं नंदू करताना तेच हातवारे, तोच सूर लावणं सगळ्यात सोपं होतं, कारण लोकांना ते आवडतं हे ठाऊक होतं. नंदूत चिमणराव शोधून सापडत नाही. दोन वर्षांनी, 1993 मध्ये, ‘झपाटलेला’. त्यात ते तात्या विंचू. माणूस म्हणून पडद्यावर थोडाच वेळ, मग बाहुल्याच्या आत. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज प्रभावळकरांचा. आपला चेहरा झाकला जाणारी भूमिका घ्यायला फारसे नट तयार नसतात. मी रोज ज्या मुलांशी बोलते त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘ताई, क्लोज किती आहेत?’ क्लोज म्हणजे नुसता चेहरा दिसणारा शॉट.

आणि याच सुमारास रंगमंचावर ‘हसवाफसवी’. हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका स्वतः केल्या. बाहेरून बघणाऱ्याला हे मिमिक्रीच्या अंगाचं वाटतं. पडद्यामागे काम केलेल्या माणसाला त्याचं गणित दिसतं. नट एक माणूस म्हणून विंगेत जातो आणि थोड्याच मिनिटांत दुसरा माणूस होऊन बाहेर येतो. तेवढ्यात विग बदलायचा, कपडे बदलायचे, घाम टिपायचा, श्वास आवरायचा आणि आवाजाची पट्टी बदलायची. मेकअपवाला आणि कपडेवाला दोघंही विंगेत डोळ्यांत तेल घालून उभे. बाहेरच्या नटांनी तोवर प्रसंग पेलायचा. हे सगळं लिखाणातच बसवावं लागतं : कोणाला किती संवाद द्यायचे, कुठे फोन वाजवायचा, कुठे कोणी गाणं म्हणायचं. त्यातला कृष्णराव हेरंबकर हा थकलेला संगीत नट ज्यांनी पाहिलाय ते आजही त्याच्याबद्दल एखाद्या खऱ्या गायकाची आठवण सांगावी तसं बोलतात. कोणी निर्माता घरी येऊन ‘सहा भूमिका करता का?’ असं विचारत नसतो. आपल्याला जे जमतं असं वाटतं ते दाखवायची जागा त्यांनी स्वतः तयार केली.

मग 2001 मध्ये, तेव्हाच्या अल्फा मराठीवर, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. मूळ लेखन पुन्हा प्रभावळकरांचंच, वर्तमानपत्रातल्या सदरातून आलेलं. दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, ती आठवड्याला एकदा यायची. रोज येणारी मालिका आणि आठवड्याची मालिका यांत नटासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. आठवड्याच्या मालिकेत संहिता वाचायला वेळ मिळतो, एवढंच सांगते. दुसरी गोष्ट वयाची. 57 व्या वर्षी त्यांनी घरातले आबा, म्हणजे आजोबा केले. त्या वयाचे कितीतरी नट केस काळे करून नायिकेचा मोठा भाऊ करायची खटपट करत असतात. जो नट नायक होण्याच्या मागे लागलाच नाही, त्याला नायक म्हणून म्हातारं होण्याची भीतीही नसते. 2006 मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी आले. त्या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’साठी मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीच्या प्रेक्षकाला हा नट सापडला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आणि सप्टेंबर 2025 मध्ये, 81 व्या वर्षी, ‘दशावतार’मध्ये कोकणातल्या जुन्या दशावतारी कलावंताची मुख्य भूमिका. या वयात मुख्य भूमिका हातात असलेला दुसरा मराठी नट मला पटकन आठवत नाही.

उलटं उदाहरणही सांगते, आणि ते सांगताना मला वाईट वाटतं. लक्ष्मीकांत बेर्डे. 1985 च्या ‘धूमधडाका’पासून महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं. विनोदाचं त्यांचं टायमिंग शिकवून येणारं नव्हतं. 1992 मध्ये जब्बार पटेलांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये त्यांनी गंभीर भूमिका केली. पटकथा पु. ल. देशपांड्यांची. काम असं की आजही अभिनयाच्या वर्गात दाखवावं. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तिकीट खिडकीवर तो चालला नाही. प्रेक्षकाला त्यांचा ‘लक्ष्या’ हवा होता, लक्ष्मीकांत नको होता. 2004 मध्ये अवघ्या पन्नाशीत ते गेले. पुढे आणखी वीस वर्षं मिळाली असती तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. शिक्का नटाची लायकी बघून बसत नाही. निळू फुल्यांचंच बघा. सेवादलातला, साधा, मवाळ माणूस, पण पडद्यावरच्या पाटलामुळे गावोगावच्या बायका त्यांना बघून पदर सावरायच्या.

आता नोकरीचं. तुम्ही बँकेतले, म्हणून हे उदाहरण तुम्हाला आवडेल : अशोक सराफ कित्येक वर्षं स्टेट बँकेत नोकरीला होते आणि नाटक-सिनेमा त्या नोकरीच्या आजूबाजूनं चालला. 2025 मध्ये पद्मश्री मिळालेला हा माणूस एकेकाळी काउंटरच्या पलीकडे बसायचा. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. वैद्यकी बंद करून ते पूर्ण वेळ नाटकात आले तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि त्यानंतर, डिसेंबर 1970 मध्ये, ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं. या लोकांनी उशीर केला म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही. उलट महिन्याला पगार येत असल्यामुळे नको ते काम नाकारायची सोय राहिली. माझ्या मते नटाच्या आयुष्यात पैशाचा खरा उपयोग हाच. ‘नाही’ म्हणता येणं.

अर्थात तेव्हाची नाटकं संध्याकाळी असायची आणि बँक पाचला सुटायची. दैनंदिन मालिका तसं चालू देत नाही. म्हणून तुमच्यापुढचा प्रश्न त्यांच्याहून अवघड आहे, हे मान्य.

सेटवर नेमकं काय होतं ते ऐका. तुमचा सेट घोडबंदर रोडला आहे असं तुम्ही लिहिलंय. नऊची शिफ्ट म्हणजे साडेसातला मेकअप. शिफ्ट बारा तासांची, पण शेवटचा सीन अर्धा राहिला तर ‘दादा, एवढा उरकू या’ म्हणत ती लांबते. सीन अनेकदा सकाळी हातात पडतो, कधी तर मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर मोबाइलवर येतो. सुरुवातीला हातात एपिसोडची बँक असते, म्हणजे पुढचे आठ-दहा भाग तयार असतात. कोणी आजारी पडलं, कोणी लग्नाला गेलं, सणाचा महाएपिसोड आला की बँक संपते आणि मग आज शूट केलेलं उद्या-परवा लागतं. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. त्या दिवशी दुपारी निर्मात्याचा चेहरा बघून कोणाचा ट्रॅक, म्हणजे कथेतला भाग, वाढणार आणि कोण ‘परदेशात नोकरीला’ जाणार हे कळतं. धाकटे भाऊ परदेशात फार जातात, हे आधीच सांगून ठेवते.

तुमचे पहिले तीन महिने कसे जातील? हॉलमध्ये सगळं कुटुंब उभं आहे, नायिकेवर चोरीचा आळ आलाय. नऊ माणसं. आधी मास्टर, म्हणजे सगळे एकत्र दिसणारा शॉट, मग दोघादोघांचे, मग प्रत्येकाचा क्लोज. तुमचं वाक्य एकच : ‘पण दादा, वहिनी असं करणार नाही.’ या वाक्यासाठी सकाळी दहा ते दुपारी अडीच तुम्ही सोफ्याच्या मागे उभे. पहिल्या आठवड्यात मजा वाटते, तिसऱ्या आठवड्यात बहुतेक मुलं तिथे उभी राहायचंच सोडून देतात. म्हणजे शरीर असतं, डोळे मोबाइलकडे.

इथेच फरक पडतो. एका मालिकेत घरातल्या नोकराचं काम करणारा एक मुलगा होता. त्याला संवाद जवळजवळ नव्हतेच. पण तो प्रत्येक टेकला नेमक्या त्याच शब्दावर हातातलं तांब्या-भांडं खाली ठेवायचा आणि नेमक्या त्याच शब्दावर मालकिणीकडे बघायचा. कंटिन्यूइटी, म्हणजे एका टेकचा दुसऱ्याशी मेळ, चोख. आणि समोरचा बोलतोय ते खरंच ऐकत असायचा, दहाव्या वेळीसुद्धा. संकलन करताना काय होतं, की एखाद्या मोठ्या नटाचं वाक्य दोन टेकमधून जोडायचं असतं आणि मध्ये कोणाची तरी रिअॅक्शन टाकावी लागते. संकलक ज्याची रिअॅक्शन जोडली जाते त्याचीच घेतो. महिनाभरात तो मुलगा प्रत्येक भागात चार-पाच वेळा दिसू लागला. वाहिनीच्या लोकांना वाटलं याचं काम वाढलंय, तर याला ट्रॅक द्या. त्याला ट्रॅक मिळाला तो असा. अभिनयाच्या शिबिरात हे कोणी शिकवत नाही, म्हणून इतकं लांबण लावलं.

स्पर्धेतल्या नटांची एक खोड तुमच्यातही असेल, सोडवून घ्या. एकांकिका आणि राज्य नाट्य म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. सगळं थोडं वर लावलेलं : आवाज, भुवया, थांबा. कॅमेरा हातभर अंतरावर असतो. पहिल्या दिवशी दिग्दर्शक ‘थोडं कमी कर रे’ म्हणेल तेव्हा खट्टू होऊ नका, आणि सगळंच काढूनही टाकू नका. साताऱ्याची बोली मात्र घासूनपुसून पुण्याची करू नका. पात्र गावाकडचं असेल तर तीच तुमची पुंजी. लेखकाला विचारून एखादं वाक्य आपल्या वळणानं म्हणा. बहुतेक लेखक खूश होतात.

पैशाचं बोलू, कारण तुम्ही आकडा कळवलात पण अटी नाही. मालिकेत मानधन दिवसावर ठरतं. ‘रोज इतके’ ऐकून तीसनं गुणू नका. महिन्यातले किती दिवस काम देणार याची हमी लेखी आहे का, ते बघा. धाकट्या भावाला महिन्यात दहा-बारा दिवसच बोलावणं येऊ शकतं, पण करार असा असतो की उरलेल्या दिवशी तुम्ही दुसऱ्या मालिकेत जाऊ शकत नाही. पैसे येतात साधारण 90 दिवसांनी. जूनमध्ये केलेल्या कामाचे सप्टेंबर संपता संपता. म्हणजे पहिले तीन-चार महिने भाडं, डिपॉझिट, रिक्षा, सगळं खिशातून. त्यातून 10 टक्के टीडीएस कापून येतो, त्याचं विवरणपत्र भरायला विसरू नका. वर्षाची कमाई 20 लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी लागते. पहिल्या वर्षी ही चिंता तुम्हाला पडो, अशी माझी इच्छा आहे. भविष्य निर्वाह निधी नाही, वैद्यकीय विमा स्वतःचा स्वतः. आणि कर्जाच्या अर्जावर ‘व्यवसाय : अभिनेता’ लिहिलेलं असलं की पुढे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीच तो अर्ज बाजूला ठेवत असाल.

ग्रॅच्युइटीसाठी तुम्हाला पाच वर्षं पूर्ण लागतात. चार झालीत. रजा मागण्याचं हेही एक कारण. सेवानियमांत बिनपगारी रजेची तरतूद आहे का ते बघा, व्यवस्थापकांना तोंडी विचारून सोडू नका, लेखी अर्ज द्या, सहा महिन्यांचा. रजेवर असताना दुसरीकडून मानधन घ्यायला परवानगी लागते का, तेही त्याच अर्जात विचारून घ्या. अध्यक्षांच्या घरी ती मालिका बघत असतील तर काम सोपं होईल. हे मी गमतीत म्हणत नाही. सहा महिन्यांत तुम्हाला दोन गोष्टी कळतील, मालिका टिकते का आणि तुमचा ट्रॅक वाढतोय का. रजा नामंजूर झाली तर हिशेब एकाच आकड्यावर करा : काहीही न येता मुंबईत आठ महिने निघतील इतकी रक्कम बाजूला आहे का? असेल तर राजीनामा द्या, मी अडवणार नाही. नसेल, किंवा ती वडिलांच्या ठेवी मोडून उभी राहणार असेल, तर हे काम जाऊ द्या आणि स्पर्धा, प्रायोगिक नाटक चालू ठेवा. तुमच्या वयाला आणि तुमच्या बोलीला कामं येत राहतात. साताऱ्या-वाईकडे शूटिंगं होतात, तिथे दोन-चार दिवसांची कामं रजा टाकून करता येतात आणि तेवढ्यावर लोक तुम्हाला ओळखू लागतात.

करारात एक गोष्ट भांडून घ्या : नाटकाची मोकळीक. ‘शनिवार-रविवारी प्रयोग असेल तर आगाऊ कळवून सुट्टी’ इतकं एक वाक्य. पहिल्यांदा ‘नाही’ म्हणतील. नम्रपणे पुन्हा मागा. नाटकाला मिळणारी नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, मालिकेच्या मानाने सुरुवातीला किरकोळ असेल, पण शिवाजी मंदिरला किंवा गडकरीला प्रयोग झाल्यावर जे लोक आत भेटायला येतात ते नटाला भेटायला येतात. मालिकेतले लोक मॉलमध्ये भेटतात आणि ‘अरे, तुम्ही तेच ना, वहिनीचे दीर!’ म्हणून सेल्फी घेतात. त्यात वाईट काही नाही, फोटो काढून द्या. फक्त त्याला आपली ओळख समजू नका. हंडी, दुकानाचं उद्घाटन, नवरात्राचा कार्यक्रम अशा सुपाऱ्या येतील, त्याही घ्या, रोख मिळकत असते. त्या पात्राला येतात. मालिका बंद झाल्यावर दोन-तीन महिन्यांत त्या थांबतात, आणि ज्यांनी त्या मिळकतीवर गाडीचा हप्ता बांधला ते अडचणीत येतात. अशी मुलं माझ्याकडे काम मागायला येतात तेव्हा त्यांना देण्यासारखं माझ्याकडे सहसा काही नसतं, कारण चेहरा अजून ताजा असतो. दुसरी वाहिनी म्हणते, ‘हा त्यांचा आहे, थोडे महिने जाऊ द्या.’ हा मधला काळ वर्षभराचाही असू शकतो. प्रभावळकर अशा मधल्या काळात लिहीत होते. तुम्हाला लिहिता येत नसेल तर दिग्दर्शनाला साहाय्य करा, डबिंग शिका, शाळेत नाटक बसवा. हातात दुसरं काहीतरी हवंच.

फसवणुकीबद्दल फार लिहीत नाही. भूमिका देण्यासाठी, ऑडिशनसाठी, ‘कार्ड काढण्यासाठी’ आधी पैसे मागणारा माणूस कामाचा नसतो. समन्वयक, म्हणजे काम मिळवून देणारा मध्यस्थ, असेल तर तो तुमच्या मानधनातून ठरलेला टक्का नंतर घेतो, आधी नाही. तुम्हाला आलेलं काम खरं आहे का, हे बघायला निर्मितीसंस्थेच्या कार्यालयात एकदा स्वतः जाऊन या, फोनवर भागवू नका. करारावर सही करण्याआधी तो घरी आणून वाचा. बँकेतल्या माणसाला हे शिकवायला नको, पण कॅमेरा दिसला की भले भले न वाचता सही करतात.

लूक टेस्टला काय घालून जाऊ, असंही तुम्ही विचारलंय. एका रंगाचा, फिका पण पांढरा नाही असा शर्ट. बारीक चौकडीचा नको, कॅमेऱ्यात तो थरथरतो. जास्तीचा एक कुर्ता पिशवीत असू द्या. केस नेहमीसारखे ठेवा, आदल्या दिवशी कापू नका. दाढी असेल तर तीही राहू द्या, नको असेल तर तिथला मेकअपदादा पाच मिनिटांत काढतो.